पहिल्या गिटार पेडलचे पार्ट्स: काय अचूक हवं, काय बदललं तरी चालतं आणि कुठे शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे साताऱ्याचे, गिटार वाजवतात, सोल्डरिंग जेमतेम येतं. पहिलं डिस्टॉर्शन पेडल घरी बनवायचं आहे. हातात तीसेक ओळींची परदेशी पार्ट लिस्ट आहे. गावातल्या दुकानात निम्म्या नावांवर "नाही" ऐकायला मिळालं. ऑनलाइन शोधलं तर सहा वस्तू सहा दुकानांत आणि प्रत्येकाचं कुरिअर वेगळं. तेव्हा सगळं एकाच ठिकाणी कुठे मिळेल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारू का, की सरळ किट मागवू?

सगळं एका ठिकाणी मिळत नाही, हे आधी धरून चाला. पण खरी अडचण दुकानाची नाहीच. लिस्टमधल्या तीस ओळी तुम्हाला सारख्याच वजनाच्या वाटताहेत, अडचण तिथे आहे. त्यातल्या वीसेक वस्तू कुठल्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतील किंवा त्यांच्या जागी शेजारचा आकडा चालेल. पाच-सहा वस्तूंशी मात्र तडजोड केली की पेडल अर्धवट पडून राहतं. गंमत म्हणजे या पाच-सहा वस्तू बहुतेक इलेक्ट्रॉनिक नसतातच. स्विच, जॅक, पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर), डबी असल्या यांत्रिक गोष्टी असतात. रेझिस्टर न मिळाल्यामुळे अडलेलं पेडल विरळाच. नऊ पायांचा फूटस्विच न मिळाल्यामुळे ड्रॉवरमध्ये पडलेली पेडलं मात्र पुष्कळ.

कोणतं पेडल ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी एक धरून चालतो: डीओडी २५० या जातीचं, एका ऑप-अँपचं (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचं) डिस्टॉर्शन. १९७०च्या दशकातलं हे सर्किट आणि एमएक्सआरचं डिस्टॉर्शन प्लस हे जवळजवळ सख्खे भाऊ आहेत. मुख्य फरक डायोडचा: एकात सिलिकॉन, दुसऱ्यात जर्मेनियम. पहिल्या पेडलसाठी याच्याइतकं सोयीचं सर्किट कमी आहे, कारण यातला एकही इलेक्ट्रॉनिक पार्ट दुर्मिळ नाही. तुमची लिस्ट वेगळी असली तरी खालचा हिशेब तिलाही लागू पडेल.

पार्ट्स असे (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख). रेझिस्टर दहा: २.२ मेगचा एक, १ मेगचा एक, ४७०केचा एक, २२केचे दोन, १०केचे दोन, ४.७केचे दोन (त्यातला एक एलईडीसाठी), १०० ओहमचा एक. कपॅसिटर आठ: १० नॅनो, ४७ नॅनो, १ नॅनो, २२ पिको, १०० नॅनो आणि इलेक्ट्रोलिटिकमध्ये ४.७, १० आणि १०० मायक्रो. १एन४१४८ डायोड दोन, १एन५८१७ डायोड एक. ७४१ किंवा टीएल०७१ आयसी एक आणि त्याचा आठ पायांचा बेस. ५००के आणि १००के असे दोन पॉट. ५ मिलिमीटरचा एलईडी, थ्रीपीडीटी (म्हणजे तो नऊ पायांचा) फूटस्विच, दोन जॅक, अडॅप्टरचा सॉकेट, डबी, नॉब, बोर्ड, वायर.

आता कशात किती मोकळीक आहे ते बघू. यासाठी एक छोटा हिशेब पाठ करा, दुकानात उभ्या उभ्या करता येतो. रेझिस्टर किलोओहममध्ये आणि कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये घ्या, दोघांचा गुणाकार करा आणि १५९ला त्या गुणाकाराने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येतं. त्या जोडीमुळे ज्या वारंवारतेला खालचा किंवा वरचा आवाज कापला जायला लागतो, ती ही.

इनपुटला १० नॅनोचा कपॅसिटर आणि ४७०केचा रेझिस्टर आहे. ४७० गुणिले ०.०१ म्हणजे ४.७, आणि १५९ भागिले ४.७ म्हणजे सुमारे ३४ हर्ट्झ. गिटारची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली की ८२ हर्ट्झ. म्हणजे कापाकापी गिटारच्या खालीच होते आहे. इथे १०च्या ऐवजी २२ नॅनो लावला तर कापण्याची जागा १५ हर्ट्झवर जाईल आणि कानाला काहीही कळणार नाही. बिनधास्त बदला.

आता ४७ नॅनो. तो ४.७केबरोबर गेनच्या, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्याच्या, वाटेत बसतो. ४.७ गुणिले ०.०४७ म्हणजे ०.२२ आणि उत्तर ७२० हर्ट्झ. गेन पूर्ण उघडला की ७२०च्या खालचा भाग कमी वाढतो, त्यामुळे जाड तारांचा चिखल होत नाही. दुकानदाराने "४७ नाही, १०० घ्या" म्हटलं आणि तुम्ही घेतलात, तर ७२०चे ३४० होतील. आवाज जाड होईल, पॉवर कॉर्ड गढूळ वाटतील. ३३ नॅनो लावलात तर हजाराच्या थोडं वर जाईल, आवाज पातळ आणि टोकदार होईल. दोन्ही चुकीचे नाहीत, पण ते वेगळं पेडल झालं. मूळ आवाज हवा असेल आणि ४७ मिळत नसेल तर २२ नॅनोचे दोन समांतर लावा, ४४ होतात, काम झालं.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. २२केची जोडी ९ व्होल्टचे साडेचार करते. दोन्ही सारखे असले की १०केपासून १००केपर्यंत काहीही चालेल. इनपुटवरचा २.२ मेग फक्त स्विच दाबल्यावरचा "ठक्क" आवाज थांबवतो, १ मेगही चालतो. आउटपुटचा ४.७ मायक्रो १ ते १० मायक्रोत काहीही असू दे. १०० मायक्रो पुरवठ्याची घरघर गाळतो, ४७ किंवा २२० असला तरी तक्रार नाही. १ मेग आणि ४.७के मात्र तेवढेच ठेवा, कारण गेन त्यांच्या भागाकारातून येतो: जास्तीत जास्त सुमारे २१३ पट, आणि ५००केचा पॉट पूर्ण उलट फिरवला की सुमारे ३ पट.

रेझिस्टर पाव वॅटचे मेटल फिल्म, एक टक्कावाले घ्या. निळ्या अंगावर पाच पट्टे असतात आणि ते वाचताना भलेभले चुकतात, म्हणून प्रत्येक रेझिस्टर बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटरवर मोजा. बदामी अंगाचे चार पट्ट्यांचे कार्बन फिल्म मिळाले तरी पेडल चालेल, थोडी खरखर वाढेल इतकंच. रेझिस्टरवर यापेक्षा जास्त विचार करू नका.

कपॅसिटरवर मात्र करा, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक तर भाषा. परदेशी लिस्ट "४७ नॅनो" म्हणते. आपल्याकडे बऱ्याच काउंटरवर नॅनो बोललंच जात नाही. तिथे "पॉइंट झिरो फोर सेव्हन" म्हणावं लागतं किंवा सरळ कोड सांगावा लागतो: "चारशे त्र्याहत्तर". कोडचे पहिले दोन आकडे किंमत आणि तिसरा आकडा पुढची शून्यं, उत्तर पिकोफॅरडमध्ये. ४७३ म्हणजे ४७,००० पिको, म्हणजेच ४७ नॅनो, म्हणजेच ०.०४७ मायक्रो. १०३ म्हणजे १० नॅनो, १०२ म्हणजे १ नॅनो, १०४ म्हणजे १०० नॅनो. २२ पिकोवर नुसतं २२ लिहिलेलं असतं किंवा २२०, आणि हे २२० म्हणजे दोनशे वीस नव्हे. शेवटचं शून्य म्हणजे "पुढे एकही शून्य नाही". इथे दर दहा नवशिक्यांत एखादा तरी फसतो. इलेक्ट्रोलिटिकला काउंटरवर "एमएफडी" म्हणा: "टेन एमएफडी, ट्वेंटी फाइव्ह व्होल्ट". आणि जुन्या दुकानदाराच्या तोंडी कपॅसिटर नाही, "कंडेन्सर" असतो.

दुसरा गोंधळ जातीचा. ४७३ मागितला की समोर बहुधा चपटी बदामी सिरॅमिक डिस्क येते. ती सिग्नलच्या वाटेत लावू नका. तिच्यावर आकड्यांनंतर झेड हे रोमन अक्षर असेल तर किंमत २० टक्के कमी किंवा ८० टक्के जास्तही असू शकते, म्हणजे तुमचे ७२० हर्ट्झ कुठेही जाऊन पडतील. शिवाय अशा डिस्कची किंमत तापमानाने आणि व्होल्टेजने हलते, आणि काही डिस्क टकटक केली तर मायक्रोफोनसारख्या आवाज पकडतात. १०, ४७ आणि १ नॅनोसाठी "पॉलिएस्टर" किंवा "बॉक्स टाइप" म्हणून मागा. हिरव्या चमकदार पॉलिएस्टरवर "२ए४७३जे" असं रोमन अक्षरांत छापलेलं असतं: २ए म्हणजे १०० व्होल्ट, जे म्हणजे पाच टक्के. हा उत्तम. २२ पिको आणि पुरवठ्यावरचा १०० नॅनो या दोन जागी डिस्क चालते, किंबहुना तिथे तीच योग्य.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. ९ व्होल्टच्या पेडलला १६ किंवा २५ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक आणि ६३ किंवा १०० व्होल्टचे फिल्म पुरतात. "जास्त व्होल्टचा चांगला" म्हणून ४०० व्होल्टचा लाल गब्दुल कपॅसिटर गळ्यात मारला जातो. विजेच्या दृष्टीने तो चालतो, पण बोर्डात बसत नाही आणि मग डबी बंद होत नाही.

आयसी. ७४१ ही इतकी सामान्य वस्तू आहे की तिची नक्कल करण्यात कोणाचा फायदा नाही. ती मिळेल तिथून घ्या. टीएल०७१चे सिग्नल आणि पुरवठ्याचे पाय तसेच आहेत: २ आणि ३ इनपुट, ६ आउटपुट, ४ ग्राउंड, ७ पुरवठा. बेस लावलात तर दोन्ही आलटून पालटून ऐकता येतील, आणि फरक ऐकू येतो. ७४१ची धाव सुमारे एक मेगाहर्ट्झची, २१३ पट गेनला ती चार-पाच किलोहर्ट्झवरच दमते. त्यामुळे आवाजाची धार बोथट होते, जी कित्येकांना आवडते. टीएल०७१ पुढपर्यंत जाते, आवाज उजळ येतो. नजरचुकीने टीएल०७२ किंवा ४५५८ घेऊ नका. दिसायला हुबेहूब आठ पायच, पण आत दोन ऑप-अँप असतात आणि पाय वेगळे.

४५५८चा विषय निघालाच आहे तर: ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या पेडलच्या मोहात पडून लोक "जेआरसी४५५८डी"साठी चढे दर मोजतात आणि वर नवीन छाप मारलेली भलतीच चिप घेऊन येतात. पाठीवर ॲसिटोनचा बोळा घासून अक्षरं आणि काळा थर निघून आला तर चिप रंगवलेली आहे. साधी, नव्या उत्पादनातली ४५५८ कोणत्याही ओळखीच्या वितरकाकडून घेतलीत तर आवाजात तोटा होत नाही.

हेच जर्मेनियमचं. १एन३४ए नावाने विकले जाणारे काचेचे डायोड कित्येकदा शॉटकी किंवा साधे सिलिकॉन निघतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मोजा. ०.६च्या आसपास आलं तर सिलिकॉन, तेव्हा पैसे परत मागा. ०.२५ ते ०.४ आलं तर जर्मेनियम असू शकतो, पण शॉटकीही याच्या जवळपास वाचतो, त्यामुळे शंभर टक्के खात्री या मोजमापाने होत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची फझ पहिल्या खेपेला करूच नका. एसी१२८ जुन्या साठ्यातून अजून निघतो, पण एकाची गळती (बंद असतानाही वाहणारा करंट) दुसऱ्यासारखी नसते. स्वस्त टेस्टर गळतीचा करंटही गेनमध्ये धरतो आणि आकडा फुगवून दाखवतो. चांगली जोडी निवडायला डझनभर घ्यावे लागतात. तुमच्या पेडलला दोन १एन४१४८ लावा. नंतर त्यांच्या जागी दोन लाल एलईडी लावून बघा: सिलिकॉन ०.६ व्होल्टला आवाज छाटतो, लाल एलईडी दीड-पावणेदोनच्या पुढे. आवाज मोठा आणि मोकळा होतो, खर्च नगण्य.

तुमच्या लिस्टमध्ये ट्रान्झिस्टर असेल तर एकच सावधगिरी. परदेशी नकाशात २एन३९०४ किंवा २एन५०८८ असेल आणि तुम्ही आपल्याकडे कुठेही मिळणारा बीसी५४७ किंवा बीसी५४९ लावलात, तर बहुतेक सर्किटांत तो चालतो, पण पाय उलटे आहेत. सपाट बाजू स्वतःकडे धरली तर बीसीमध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एनच्या या दोघांत एमिटर, बेस, कलेक्टर. फिरवून लावा.

आता यांत्रिक पार्ट्स. तुमचं बजेट आणि डोकेदुखी दोन्ही इथे आहेत.

फूटस्विच थ्रीपीडीटी हवा: नऊ पाय, पायाने दाबायचा, दाबला की तसाच राहणारा. साध्या काउंटरवर "पुश स्विच" म्हणालात तर बेलचं बटण दाखवतील. सहा पायांचा डीपीडीटी मिळाला तर बायपास नीट होतो, पण एलईडीसाठी संच उरत नाही. लांबच्या ठिकाणाहून मागवत असाल तर दोन घ्या. एक लावायला, एक मारायला. आतलं प्लास्टिक उष्णतेने वितळतं आणि पायाला पाच-सहा सेकंद सोल्डरिंग आयर्न टेकवलीत की स्विच आतून अडकतो. पायांना आणि वायरला आधी वेगवेगळी कल्हई (सोल्डरचा पातळ थर) करून घ्या, म्हणजे जोडताना दोन सेकंद पुरतात.

जॅक ६.३५ मिलिमीटरचे. आपल्याकडच्या ऑडिओच्या दुकानांत त्यांना "पी-३८" म्हणतात, "गिटार जॅक" म्हणून बऱ्याच जणांना कळत नाही. उघड्या पत्र्याचे घ्या, वाकवून घट्ट करता येतात. प्लास्टिकच्या पेटीतले स्वस्त जॅक जागाही जास्त खातात. बॅटरी ठेवणार असाल तर इनपुटचा जॅक स्टिरिओ घ्या: बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या रिंगला जोडली की केबल काढल्यावर बॅटरी आपोआप तुटते. फक्त अडॅप्टर वापरणार असाल तर दोन्ही मोनो.

पॉट मागताना काउंटरवर "व्हॉल्यूम" किंवा "कंट्रोल" म्हणा. बोर्डावरच्या छोट्या ट्रिमपॉटला मात्र "प्रीसेट". १००के लॉग (ज्याचा रोध फिरवण्याच्या प्रमाणात समान वाढत नाही) सहज मिळतो. ५००के उलट्या लॉगचा, म्हणजे सी प्रकारचा, इथल्या काउंटरवर मिळेल अशी आशा ठेवू नका. ५००के किंवा ४७०के लिनियर (समान वाढणारा) लावा. तोटा एवढाच की सगळा गेन फिरवण्याच्या शेवटच्या टप्प्यात गोळा होतो. तो त्रास नको असेल तर लॉगचाच पॉट घेऊन बाहेरची वायर दुसऱ्या टोकाला जोडा. फिरवणं समान होतं, पण दिशा उलटते: डावीकडे जास्त गेन. वरच्या अक्षरावर आंधळा विश्वास नको. हल्लीच्या आशियाई मालावर ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर, पण जुन्या युरोपीय मालावर ए म्हणजे लिनियर असायचा. दांडा बरोबर मध्ये ठेवून मधला पाय आणि एक टोक मोजा. निम्मा आला तर लिनियर, दहा-वीस टक्क्यांच्या आसपास (किंवा दुसऱ्या टोकाने तितका) आला तर लॉग. दांडा ६ मिलिमीटरचा आहे की पाव इंचाचा आणि गोल की दातेरी, हे बघूनच नॉब घ्या. नॉब बसत नाही ही तक्रार दर वेळी असते.

डबी ओतीव ॲल्युमिनियमची, १५९०बी मापाची: साधारण ११२ बाय ६० बाय ३१ मिलिमीटर. बॅटरीसकट पहिल्यांदाच बनवत असाल तर थोडी मोठी १२५बी घ्या, आत बोटं फिरवायला जागा राहते. परवडत नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली पत्र्याची स्विचबॉक्स चालते, दिसायला ओबडधोबड, पण आडोसा तोच. प्लास्टिकची डबी वापरलीत तर आतून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून ती ग्राउंडला जोडावी लागेल, नाहीतर ट्यूबलाइटची गुणगुण आवाजात येईल. आणि महत्त्वाचं: स्विच, जॅक, पॉट हातात आल्याशिवाय एकही भोक पाडू नका. स्विचला साधारण १२ मिलिमीटर, छोट्या पॉटला ७, जॅकला साडेनऊ ते दहा लागतात, पण तुमच्या हातातला माल मोजा, इंटरनेटवरचा नकाशा नको. स्टेप ड्रिल मिळालं तर मोठी भोकं स्वच्छ पडतात.

बोर्डाबद्दल एक वाक्य ज्यादा लिहिणं भाग आहे. परदेशी मांडण्या व्हेरोबोर्डसाठी असतात, ज्यावर तांब्याच्या सलग पट्ट्या असतात. इथे "झिरो पीसीबी" म्हणून जे मिळतं त्यावर बहुधा सुटे ठिपके असतात. ती मांडणी त्यावर जशीच्या तशी उतरवली तर काहीच जोडलं जात नाही. मागताना "स्ट्रिपवाला" सांगा, नाहीतर ठिपके पार्ट्सच्या कापलेल्या पायांनी जोडा. तपकिरी कागदी बोर्डापेक्षा हिरवा ग्लास-इपॉक्सी घ्या, नवशिक्याच्या हातची जास्तीची उष्णता तो सहन करतो. तपकिरीवरचे ठिपके उखडतात. वायर ७/३६ हुकअप, तीन रंगांत. सोल्डर ६०/४०, २२ गेज, आत फ्लक्स असलेलं. पत्र्याच्या कामाची ॲसिड पेस्ट बोर्डाला लावू नका, काही महिन्यांत सांधे हिरवे पडतात.

मग खरेदी कुठे? हे तुम्ही कुठे राहता आणि मुंबई-पुण्याला तसंही जाणं होतं का, यावर आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, ७४१, १एन४१४८, आयसी बेस, सोल्डर हे साताऱ्यातच दुरुस्तीचा माल विकणाऱ्या दुकानात बघा. तुमची भाषा आणि त्यांची भाषा जुळली, तर "नाही" म्हटलेल्या निम्म्या वस्तू "आहेत" निघतील. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीचा भाग आणि मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) या बाजारांत पॉट, पी-३८ जॅक, अडॅप्टर सॉकेट, नॉब, बोर्ड हे हाताळून घेता येतं. हाताळून घेणं हाच तिथे जाण्याचा खरा फायदा, दर नव्हे. रविवार टाळा. यादी कागदावर लिहून न्या: किंमत, जात, व्होल्ट, नग. काही काउंटर फक्त घाऊक विकतात, तिथे रेझिस्टरचे पाच नग मागून हुज्जत घालू नका, शेजारच्याकडे जा. बेंगळुरूत असाल तर एसपी रोड, दिल्लीत लजपतराय मार्केट, चेन्नईत रिची स्ट्रीट.

फक्त पेडलसाठी साताऱ्याहून मुंबईची फेरी करू नका. थ्रीपीडीटी आणि १५९०बी डबी हे तिथेही पहिल्या दुकानात मिळतील याची हमी नाही. या दोन वस्तू मी ऑनलाइनच सुचवेन. ज्या दुकानात या दोन्ही एकत्र मिळतात ते दुकान आधी शोधा, आणि उरलेली यादी जमेल तेवढी तिथूनच भरा, भले रेझिस्टर चार आणे महाग पडोत. कुरिअर एकदाच द्यावं लागतं. परदेशी मागवणं पहिल्या पेडलसाठी परवडत नाही: माल थोडा, पाठवणी मोठी, वर कस्टम्सचा आकार आणि कुरिअरची केवायसी. पुढे पाच-सहा पेडलांचा माल एकदम घ्यायचा झाला, मित्रांनी मिळून, तर हिशेब बदलतो.

नग किती? रेझिस्टर प्रत्येकी दहा, छोटे कपॅसिटर प्रत्येकी पाच, १एन४१४८ दहा, आयसी दोन-तीन, बेस दोन. पॉट आणि जॅक लागतील तेवढेच. दुसऱ्या पेडलच्या वेळी घरात निम्मा माल तयार असेल.

किटचं म्हणाल तर, वेळ कमी असेल आणि फक्त वाजणारी वस्तू हवी असेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र किटमध्ये डबी आणि स्विच धरले आहेत का ते वाचा. पुष्कळ "किट" म्हणजे बोर्ड आणि रेझिस्टरांची पुडी असते, अडचणीचं सामान तुमच्याच गळ्यात राहतं.

अडॅप्टर घरात पडलेला वापरू नका. गिटार पेडलला ९ व्होल्ट, मध्ये निगेटिव्ह, असा लागतो. राउटर आणि सीसीटीव्हीचे अडॅप्टर बहुधा मध्ये पॉझिटिव्ह असतात, आणि पिन तीच बसते. यासाठीच १एन५८१७ पुरवठ्याच्या वाटेत मालिकेत आहे. उलटं लावलं तर तो अडवतो, सुलटं असताना पाव व्होल्टच्या आसपास खातो. १एन४००७ लावलात तरी चालेल, तो अर्ध्याहून जास्त खाईल.

सगळं बोर्डावर चढवण्याआधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट्स खोचायच्या बोर्डावर) वाजवून बघा. आणि वीज दिली की आधी मीटर लावा, अँप नंतर. ७व्या पायावर ९च्या थोडं खाली, ४थ्यावर शून्य, ६व्यावर साडेचारच्या आसपास. ६वा ८च्या किंवा १च्या जवळ अडकला असेल तर आयसी उलटी बसली आहे, १ मेगचा सांधा उघडा आहे किंवा २२केच्या जोडीतला एक भलत्याच किमतीचा आहे. याच क्रमाने बघा. ३ऱ्या पायावर मात्र स्वस्तातला पिवळा मीटर ३ व्होल्टच दाखवेल. त्यावरून काही उपसू नका. त्या मीटरचा स्वतःचा रोध १ मेगचा असतो, तो ४७०केच्या वाटेने येणारे साडेचार व्होल्ट खाली खेचतो. मीटर काढला की ते जागेवर येतात.